संभाजीनगरला काम एका दिवसाचं, जेवायचं कुठे?

देवगाव रंगारीचा माणूस शहराला हौसेने क्वचित जातो. घाटी रुग्णालयात कोणाला तरी दाखवायचं असतं, हायकोर्टात तारीख असते, पोरीच्या प्रवेशाची कागदपत्रं द्यायची असतात, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. सकाळची एसटी किंवा काळी-पिवळी पकडायची, कसाबखेडा, वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद करत शहर गाठायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. या धावपळीत जेवण नेहमी शेवटी येतं. दुपारचे अडीच वाजलेले असतात, पोटात कावळे ओरडत असतात, आणि समोर जे दिसेल त्यात शिरावं लागतं. मग मैद्याची रोटी, लाल रश्श्यातलं पनीर आणि घरी येईपर्यंत छातीत जळजळ. ज्या शहरात आत्तापर्यंत चांगलं खाण्याची इतकी ठिकाणं झाली, तिथून असं उपाशी किंवा बेचव जेवून परतण्याचं काही कारण नाही.

हा लेख त्या एका दिवसासाठी आहे. पहिलं सूत्र सोपं आहे: जेवायचं ठिकाण कामाच्या पत्त्यावरून ठरवा. शहर पसरलेलं आहे, रिक्षाचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात. घाटीत काम असताना कोणीतरी सांगितलं म्हणून बीड बायपासला जेवायला जाणं हा वेडेपणा आहे. दुसरं सूत्र मी थोडं हट्टाने सांगतो. गावाकडे जे चांगलं मिळतं ते शहरात पैसे देऊन खाऊ नका. या दोन गोष्टी पाळल्या तरी अर्धं काम होतं.

दुसऱ्या सूत्राचं कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत शहराच्या चारही बाजूंच्या रस्त्यांवर ‘गावरान’, ‘चुलीवरचं’, ‘शेतातलं’ अशा पाट्यांची रांग लागली आहे. बैलगाडीचं चाक दारात, कंदील छताला, पितळी ताटात बाजरीची भाकरी, ठेचा, काळ्या मसाल्यातलं मटण. कंपनीत नोकरी करणाऱ्या आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला त्याचं अप्रूप आहे, ते मी समजू शकतो. तुमच्या घरी मात्र तीच भाकरी रोज तव्यावर पडते, शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली जाते आणि येसराची आमटी सणावाराला होते. कन्नड घाटाच्या बाजूने आलेली शेवभाजी तर आपल्या रस्त्यावरच्या साध्या ढाब्यावरही शहरापेक्षा बरी मिळते. तेव्हा शहरात गेल्यावर शहराचं खा.

मग शहराचं म्हणजे काय? याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल, कारण या शहरातली जेवणाची ठिकाणं रस्ते आणि रोजगार जिकडे सरकले तिकडे सरकत गेली आहेत. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेल्या खडकीचा, म्हणजे आजच्या जुन्या शहराचा, एक थर. रेल्वे आल्यावर स्टेशनकडे वाढलेला दुसरा. सिडकोने वसाहती बांधल्यावर कॅनॉट प्लेसला आलेला तिसरा. आणि आता बायपास, मॉल आणि समृद्धी महामार्गाचा चौथा. गंमत अशी की नवा थर आला म्हणून जुना बंद पडला नाही. चारही चुली अजून पेटत्या आहेत. कोणत्या चुलीवर काय चांगलं शिजतं एवढंच माहीत असायला हवं.

जुनं शहर: पोट इथेच भरा

काम घाटीत, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा विभागीय आयुक्तालयात असेल, किंवा बस्त्यासाठी पैठण गेट, टिळकपथ, गुलमंडी अशी फेरी असेल, तर सिटी चौक आणि गुलमंडी हेच तुमचं जेवणघर. या दोन ठिकाणांमध्ये मच्छली खडकचा रस्ता आहे, पायी दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत शहराची दोन्ही स्वयंपाकघरं भेटतात. एकीकडे मिठाई, कचोरी, चाट आणि शुद्ध शाकाहारी थाळ्या. दुसरीकडे मोठमोठ्या डेगा, नानच्या भट्ट्या आणि कबाबचा धूर. घरात कोणी माळकरी असेल आणि कोणी मटणाशिवाय न जेवणारा असेल, तरी इथे दोघांची सोय होते. अर्ध्या तासाने सुपारी हनुमानापाशी भेटायचं ठरवा आणि आपापल्या वाटेने जा.

मांसाहार करत असाल तर नान खलिया खाल्ल्याशिवाय या शहरात जेवलो असं म्हणू नये. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेच्या मुदपाकखान्याबरोबर हा पदार्थ इकडे आला असं शहरातले लोक सांगतात. फौजेला खाऊ घालायचं तर हजारो माणसांचं मटण एका वेळी शिजलं पाहिजे आणि रोटी भराभर निघाली पाहिजे. खलिया आणि नानची जोडी त्या गरजेला चपखल बसते. आजही हा पदार्थ छोट्या पातेल्यात नीट होत नाही असं करणारे सांगतात. मटण, भाजलेलं सुकं खोबरं, शेंगदाणे, तीळ, खसखस, गरम मसाला आणि वर तरंगणारी तांबूस-पिवळी तर्री. प्रमाण प्रत्येक बावर्चीचं वेगळं आणि ते तो कोणाला सांगत नाही. नान मऊ, जाड, फुगलेली. हळद आणि गुळाच्या पाण्याचा हात फिरवलेला असल्यामुळे तिला पिवळा रंग येतो. पंजाबी ढाब्यावरच्या चिवट नानशी तिचं नावापुरतंच नातं आहे.

खायची रीतही माहीत असू द्या. खलिया प्लेटवर मिळतो, नानचे पैसे वेगळे लागतात. तर्री सोसत नसेल तर आधीच ‘तर्री कम’ म्हणा, कोणी वाईट मानत नाही. नान तोडून रश्श्यात चुरून खाणारे खूप दिसतील. आपल्याकडे भाकरी कुस्करतात तशीच ती तऱ्हा, लाजू नका. मुख्य म्हणजे वेळ पाळा. डेग सकाळी चढते, जेवणाच्या वेळेला उघडते आणि संपली की संपली. दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान पोहोचलात तर मटण वरच्या थराचं आणि मऊ मिळतं. उशिरा गेलात तर बहुधा रस्सा आणि हाडं उरलेली असतात. सिटी चौक, बुढी लेन, शहागंज, रोशन गेट या पट्ट्यात नान खलियाची बरीच ठिकाणं आहेत. कोणतं निवडायचं, याची साधी परीक्षा अशी की जिथे रिक्षावाले आणि हमाल उभ्याने जेवताहेत आणि बाहेर नान पार्सल घेणाऱ्यांची रांग आहे, तिथे शिरा. नुसती नान घरी न्यायची असेल तर भट्टीवरूनच घ्या. संध्याकाळी घरी तव्यावर झाकण ठेवून गरम केली की पुन्हा मऊ होते आणि वांग्याच्या भाजीबरोबरही झकास लागते.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच्या खुणा राजकारणापेक्षा ताटात जास्त टिकल्या. दालचा, तहरी, डबल का मीठा, खुबानी का मीठा ही नावं जुन्या शहरातल्या दावतीत आणि काही हॉटेलांत अजून ऐकू येतात. तहरी म्हणजे मसाल्याचा पिवळा भात. बऱ्याच ठिकाणी ती बिनमटणाची असते, पण ताटात घेण्याआधी विचारून घ्या. रमजानच्या महिन्यात सिटी चौक, बुढी लेन आणि शहागंजचा रंगच बदलतो. संध्याकाळी रोजा सुटल्यावर हलीम, कबाब, फळं, खजूर, शेवया यांनी रस्ते भरतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे कॅलेंडर पाहून जा. मात्र ही मजा रात्रीची आहे आणि आपली शेवटची गाडी रात्रीची नाही. शहरात मुक्काम असेल तरच तिच्या नादी लागा.

आता शाकाहाऱ्यांचं. गुलमंडी भागात व्यापारी पेढ्यांबरोबर उत्तरेकडचे हलवाई, मारवाडी आणि गुजराती घरं आली आणि मिठाईच्या दुकानांनी इथे मूळ धरलं. उत्तम मिठाई भांडारची इम्रती शहराची ओळख झाली आहे. उडदाच्या पिठाची, जाड कड्यांची, पाकात मुरलेली. जिलेबीसारखी ती लगेच मरत नाही, म्हणून गावाकडे न्यायला तीच बरी. सकाळी गरम काढतात तेव्हा दुकानातच एक खा, बाकी बांधून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाम फुटतो, पुठ्ठ्याचा डबा मागा. अप्पा हलवाईचं नावही जुन्या शहरात तेवढ्याच आपुलकीने घेतलं जातं. नाश्त्याला गायत्री चाट भांडारची कचोरी विचारा, रस्ता कोणीही दाखवेल. कचोरी मात्र सकाळचा पदार्थ. दुपारी चारला खाल्लीत तर तेल कितव्यांदा तापलंय हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवायचा.

एक सूचना कळकळीची. घाटीत रुग्ण दाखल असेल तर सोबतच्या माणसाने उपाशी राहू नये आणि रुग्णासाठी बाहेरचं मसालेदार नेऊ नये. घाटीच्या परिसरात खिचडी, इडली, दूध, फळं मिळतात. 26 जानेवारी 2020 ला राज्यात 10 रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली होती. जवळचं केंद्र सध्या चालू आहे का ते रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारून घ्या. रुग्णाला काय द्यायचं ते वॉर्डातल्या सिस्टरला विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.

बसस्थानक, निराला बाजार आणि स्टेशन रोड

मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून तासाभरात जेवून पुन्हा बस पकडायची असेल तर जुन्या शहरात घुसू नका. बसस्थानकाच्या जवळ ‘भोज’सारखी थाळीची ठिकाणं आहेत. गुजराती-राजस्थानी पद्धतीची अमर्याद थाळी हा या शहरातल्या मधल्या पिढीचा आवडता जेवणप्रकार. पर्यटकांना वेरूळ-अजिंठ्याला नेणाऱ्या गाड्या, कंपन्यांचे पाहुणे आणि लग्न जमवायला बसलेली दोन घरं हे तिचे हक्काचे गिऱ्हाईक. थाळीचा एक नियम पाळा: पहिल्या वाढपातच पोट भरू नका. फरसाण आणि गोड आधी येतं ते त्यासाठीच असतं. भाज्या दोनदा घ्या, शेवटी खिचडी-कढीवर या. लहान मुलांच्या थाळीचा दर वेगळा असतो का ते बसण्याआधी विचारा, आणि एका थाळीत दोघं जेवायचा विचार मनात असेल तर तो दारातच सोडा.

निराला बाजार, समर्थनगर, औरंगपुरा या भागाची गोष्ट वेगळी. इथे हॉटेलांच्या आधी मेस आली. मिलिंद महाविद्यालय 1950 चं, विद्यापीठ 1958 चं. बीड, परभणी, नांदेड, जालना, हिंगोलीची पोरं इथे शिकायला आली, खोल्या करून राहिली आणि त्यांच्यासाठी घरोघरी खानावळी निघाल्या. आज स्पर्धा परीक्षेची पोरं त्याच खानावळींत जेवतात. तुमचा मुलगा किंवा मुलगी शिकायला शहरात ठेवणार असाल तर हा भाग वाचाच, कारण एका दिवसाच्या जेवणापेक्षा वर्षभराची मेस जास्त महत्त्वाची आहे. मेस ठरवताना महिन्याचे पैसे आधी देऊ नका. आधी दोन-तीन दिवस सुट्टं जेवून बघा, त्यातही एकदा रात्रीचं. बहुतेक ठिकाणी दुपार बरी आणि रात्र पातळ असते. गावी गेल्यावर खाडे धरतात का, रविवारी संध्याकाळी बंद असते का, पोळ्या मोजून की पोटभर, हे तीन प्रश्न तोंडावर विचारा. आणि स्वयंपाकघरात डोकावू देत नसतील तर दुसरी बघा. मुलींसाठी डबा खोलीवर पोचता होतो का हेही पाहा, परीक्षेच्या दिवसांत त्याचा उपयोग कळतो.

स्टेशन रोडवरची हॉटेलं पर्यटकांवर वाढली. ‘तंदूर’चं नाव परदेशी पाहुण्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांतही आलेलं आहे. चांगली सेवा, बसायला ऐसपैस जागा, पण आपल्या एका दिवसाच्या कामात इकडे यायचं कारण फक्त रेल्वे. त्याच बाजूला उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटर आहे. जेवण कुठेही करा, पान तिथलं खा. हजारो रुपयांचं ‘कोहिनूर’ पान तिथे मिळतं आणि त्याच्या बातम्या होतात. आपण साधं मसाला पान मागावं, तेही अप्रतिम असतं आणि खिशाला कळतसुद्धा नाही.

सिडको, कॅनॉट आणि पुढचं

हायकोर्टाच्या खंडपीठाचं काम, सिडको बसस्थानक, जालना रोडवरची मोठी खासगी रुग्णालयं: यांपैकी काही असेल तर कॅनॉट प्लेस जवळ. सिडकोने सत्तरच्या दशकापासून इथे वसाहती उभ्या केल्या, 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, पाठोपाठ सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी, बायको-पोरांसह बाहेर जेवायला निघणारी कुटुंबं तयार झाली ती या काळात. त्याआधी बाहेर जेवणं म्हणजे पुरुषांचं काम होतं, नाइलाजाचं. कॅनॉटच्या बागेभोवती डोसा, चायनीज, पिझ्झा, आइसक्रीम, पावभाजी अशा गाड्या आणि दुकानं संध्याकाळी गजबजतात. पोरांना हेच आवडतं, आणि वर्षातून एकदा शहरात आलेल्या पोराला इथे आणायला माझी हरकत नाही. मोठ्यांनी मात्र अपेक्षा माफक ठेवावी. हेच पदार्थ पुण्यातही असेच मिळतात आणि नाशिकलाही. 2010 मध्ये चिकलठाण्याला प्रोझोन मॉल आला, तिथल्या फूड कोर्टबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. गारवा आहे, स्वच्छ स्वच्छतागृह आहे. उन्हाळ्यात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं सोबत असतील तर या दोन गोष्टींचं मोल जेवणापेक्षा जास्त ठरतं.

बीड बायपासवरची नवी हॉटेलं लग्नाच्या वाढदिवसाची आणि मित्रमंडळींच्या पार्ट्यांची. स्वतःची गाडी असेल तरच जा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत शहराभोवतीच्या शेतांत हुरडा पार्ट्यांचे बोर्ड लागतात. पुन्हा माझं तेच म्हणणं: तुमच्या किंवा सोयऱ्याच्या शेतात ज्वारी असेल तर कोवळं कणीस तिथेच भाजा, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घ्या. शहरातले लोक त्यासाठी माणशी पैसे मोजतात. उलट देवगाव, शिऊर, लासूर पट्ट्यातल्या बचत गटांनी असा हुरडा रविवारी वेरूळच्या वाटेवरच्या पर्यटकांना खाऊ घातला तर चार पैसे मिळतील.

बदलाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिचा हॉटेलांशी सरळ संबंध आहे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आपल्या गाड्यांमध्ये बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. सासू-सूना मिळून बस्त्याला जातात, बचत गटाच्या बाया बँकेच्या कामाला जातात. पूर्वी त्या घरून दशम्या बांधून न्यायच्या आणि बसस्थानकाच्या बाकड्यावर खायच्या. आता हॉटेलात बसतात. जुन्या हॉटेलांतल्या पडद्याआडच्या ‘फॅमिली रूम’ची गरज संपत चालली आहे. तरी बायकांनी एकट्या-दुकट्या जाताना स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून हॉटेल निवडावं. संकोच न करता, जेवण मागवण्याआधीच विचारावं. ज्या हॉटेलात ते स्वच्छ असतं, त्याचं स्वयंपाकघरही बहुधा स्वच्छ असतं.

पाणी, बिल आणि हक्क

या शहराचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं आणि नळाला काही दिवसांआड येतं. छोटी हॉटेलं टँकरवर आणि जारवर चालतात. उन्हाळ्यात तर हे विसरू नका. घरची पाण्याची बाटली सोबत ठेवा, ताक आणि उसाचा रस ओळखीच्या किंवा गर्दीच्या ठिकाणीच घ्या, बर्फ टाळा. कापून ठेवलेली फळं, उघडी चटणी, दुपारनंतरची पाणीपुरी यांच्या वाट्याला पावसाळ्यात जाऊ नये.

बिल वाचायची सवय लावा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के आहे. मात्र कंपोझिशन योजनेतलं हॉटेल गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही, आणि आपण त्या योजनेत आहोत हे त्याने पाटीवर आणि बिलावर लिहायचं असतं. तसं लिहिलेलं असून बिलात कर लावला असेल तर बोट ठेवून दाखवा. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. तो काढायला सांगा. टीप द्यायची ती वाढणाऱ्याच्या हातात द्या.

पाण्याच्या बाटलीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून बरेच जण हॉटेलात भांडतात. दुकानात ते भांडण योग्य आहे. पण हॉटेल-रेस्टॉरंट बसायची जागा आणि सेवा देतं, म्हणून त्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये म्हटलं आहे. तेव्हा भांडण्यापेक्षा मेनूकार्डावरचा दर आधी बघा, आणि साधं पाणी मागा. खाद्य परवान्याचा 14 आकडी क्रमांक हॉटेलात लावलेला असायला हवा, आणि जानेवारी 2022 पासून तो बिलावरही बंधनकारक आहे. अन्नात काही वावगं सापडलं किंवा बिलात फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. बिल जपून ठेवा, फोटो काढा, मग फोन करा. पक्कं बिल न घेता केलेल्या तक्रारीत दम राहत नाही.

परतीची वाट

काम लवकर आटोपलं आणि स्वतःची गाडी असेल तर शहरात जेवायची घाई न करता वाटेतही थांबता येतं. पावसाळा सरता सरता दौलताबादच्या घाटाखाली सीताफळाच्या पाट्या घेऊन बाया बसतात, हिवाळ्यात पेरू. डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांच्या फटी रुंदावलेली सीताफळं घ्या, पण दाबून पाहू नका, विकणारीचा माल खराब होतो. खुलताबादला उरुसाच्या दिवसांत खाजा मिळतो. श्रावणात शनिवारी भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रात्रभर रीघ असते आणि वाटेत जागोजागी फराळ, चहा, खिचडी वाटतात. त्या दिवशी या रस्त्याने जाणाऱ्याने उपाशी राहायचं म्हटलं तरी कोणी राहू देत नाही. वेरूळला लेण्यांसमोर ‘कैलास’ आहे. पाहुण्यांना लेणी दाखवायला नेलंत तर सावलीत बसून जेवायला सोयीचं. लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढं ध्यानात ठेवा. समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर माळीवाड्याला चढण्याआधीच खाऊन घ्या आणि डबा सोबत ठेवा, कारण त्या रस्त्यावर भूक लागली म्हणून हवं तिथे थांबता येत नाही.

हॉटेलांच्या दुनियेत मालक बदलतात, आचारी सोडून जातात, दुकानं उठून दुसऱ्या गल्लीत जातात. मी नावं मोजकीच दिली आहेत ती त्यामुळे. लांबून मुद्दाम जाणार असाल तर आधी फोन करून चालू असल्याची खात्री करा. मोबाइलवरच्या चांदण्या बघून जेवायला जाऊ नका. त्यातल्या बऱ्याच मालकाच्या भाच्यांनी दिलेल्या असतात. कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट, बस्त्याच्या दुकानातला कापड उलगडणारा पोरगा, घाटीतला वॉर्डबॉय यांना विचारा, की तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता. ही माणसं रोज तिथेच जेवतात आणि खिशातल्या पैशाने जेवतात.

वेळ एकाच जेवणाचा असेल तर माझा कौल असा: मांसाहारी असाल तर दुपारी एकच्या आत सिटी चौकात नान खलिया, शाकाहारी असाल तर सकाळी गुलमंडीला कचोरी आणि दुपारी बसस्थानकाजवळ थाळी. दोघांनीही निघताना अर्धा किलो इम्रती घ्यावी, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जेवायला बसण्याआधीच चौकशी खिडकीवर विचारून ठेवावी.